नऊ मतं

"प्रश्न अकरावा," मी म्हणाले. "मत कुणाला द्यायचं, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?"

तानूबाई खिलारे ओट्यावर बसून जोंधळे निवडत होत्या. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"मालक म्हनून लिवा."

"मी मावशींना विचारलं," मी आतल्या दिशेने म्हणाले.

"ती तेच सांगनार हाय." शंकर खिलारे बनियनवर बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. "काय गं?"

"व्हय," तानूबाई म्हणाल्या. "मालक सांगतील तिथं."

"पण मावशी, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? एवढं जोंधळं आज निवडून झालं तर बरं, असं वाटतंय."

मी अकराव्या प्रश्नापुढे 'पती' या शब्दाला गोल केला. पिशवीतला हा त्रेसष्टावा आणि शेवटचा फॉर्म होता, आणि आधीच्या बासष्ट फॉर्मांवरही त्याच शब्दाला गोल होता. मला इतका राग आला होता की पेनचं टोक कागदातून आरपार गेलं.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी सुचेता निकम, तेव्हा वीस वर्षांची होते, जिल्ह्याच्या गावी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला सगळं माहीत होतं. आम्ही अकरा मुलींनी मिळून 'ठिणगी' नावाचं एक मंडळ काढलं होतं. दर शनिवारी कॉलेजच्या कॅन्टीनमागे आम्ही जमायचो, खादीचे कुडते घालून एका चहात दोघी अशा बसायचो आणि देशाचं कसं व्हायचं याचा निकाल लावायचो. निवडणुकीवरून आमच्यात दोन तट होते. पाच जणी म्हणायच्या, निवडणूक म्हणजे पैसेवाल्यांचा खेळ, बाईने त्यात पडूच नये. उरलेल्या सहा जणी म्हणायच्या, बाईने पडायलाच हवं, नाहीतर न्याय वरून कोण टाकणार आहे? मी त्या सहांमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची होते. खेड्यातल्या बाईला मत असूनही ती ते वापरत नाही, हे आकड्यांनी सिद्ध करायचं मी ठरवलं आणि बावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. त्यातल्या एका प्रश्नाला मी तळटीपसुद्धा दिली होती.

गाव निवडलं ते निलोफरच्या खालामुळे, म्हणजे मावशीमुळे. निलोफर मुल्ला माझी मैत्रीण, ठिणगीतली एकमेव मुलगी जी बोलण्याआधी विचार करायची. तिची खाला त्या गावात राहायची, त्यामुळे दुपारच्या जेवणाची सोय होती. गावाचं नाव विचारू नका. एकदा मी ते न सांगताही सांगून बसले, त्याचंच हे रामायण आहे.

त्या गावात महिन्याभराने ग्रामपंचायतीची निवडणूक होती. आधीच्या निवडणुकीत तिथे एक आक्रीत घडलं होतं, आणि ते खालाने आम्हाला पहिल्याच जेवणाला सांगितलं. गावात दोन पॅनेलं होती. एक आबा जगदाळ्यांचं, छत्री. दुसरं त्यांचे चुलतभाऊ नाना जगदाळ्यांचं, कपबशी. एका वॉर्डातली जागा बाईसाठी राखीव पडली, म्हणून आबांनी भावजय उभी केली आणि नानांनी सून. दोघांचंही आश्वासन एकच होतं, गावाच्या तोंडाशी कमान. आबांची दगडी होणार होती, नानांची सिमेंटची. त्या दोघींच्या मध्ये सुभद्रा आवळे नावाची मांगवाड्यातली एक मजूर बाई अपक्ष उभी राहिली, शिट्टी घेऊन. शिट्टीवरून गावाने महिनाभर करमणूक करून घेतली. मोजणी झाली तेव्हा छत्रीला एकशे बारा, कपबशीला एकशे चार आणि शिट्टीला एकशे एकाहत्तर.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," खाला म्हणाली, "आबाचे लोक म्हणाले, खालच्या आळीनं दगा दिला. नानाचे लोक म्हणाले, वरच्या आळीनं. पाच वर्षं झाली, एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. कोणी फोडली मतं, त्याचा अजून तपास चाललाय."

एवढं ऐकूनही मला काही कळलं नाही. निलोफरला कळलं असावं, कारण ती मान खाली घालून रस्सा ओरपत होती.

त्रेसष्टावा फॉर्म भरून मी परत आले तेव्हा माझा चेहरा बघून ती म्हणाली, "ओट्यावर बसून विचारशील तर ओट्यावरचं उत्तर मिळेल. उद्या रानात चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही तानूबाईंच्या पातीत भांगलायला गेलो. भांगलायचं म्हणजे हातात खुरपी घेऊन, उकिडवं बसून, पिकातलं तण काढत पुढे सरकायचं. चौदा बायका एका ओळीत भुईमुगात बसल्या होत्या आणि त्या ओळीला पात म्हणतात. पातीच्या पुढारी तानूबाई. त्या ज्या वेगाने सरकतील त्या वेगाने सगळ्यांनी सरकायचं. मी एका तणामागे भुईमुगाचे दोन वेल उपटत होते.

"पोरी," तानूबाई म्हणाल्या, "तण ऱ्हाऊ दे. शेंगा तेवढ्या ठेव."

ओट्यावरच्या तानूबाई आणि या तानूबाई एकच आहेत यावर माझा विश्वास बसेना. इथे त्यांचा आवाज बांधावर पोचत होता. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तेव्हा मी संधी साधली आणि बसल्या बसल्या भाषण सुरू केलं. म्हटलं, "मत गुप्त असतं. पडद्यामागे तुमच्याशिवाय कोणी नसतं. तिथे नवरा बघायला येत नाही. तुम्ही छत्रीवर शिक्का मारला की कपबशीवर, हे कुणालाही कधीही कळू शकत नाही. घरी काहीही सांगा, आत तुम्ही मोकळ्या आहात."

पात थांबली. चौदा जणींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने पदराचा बोळा तोंडात कोंबला, दुसरी मागे कलंडली, आणि मग सगळ्याच हसत सुटल्या. मला वाटलं, माझं काहीतरी फाटलं असावं. मी कुडता तपासून पाहिला.

"सांगावं का गं हिला?" तानूबाईंनी विचारलं.

"सांगा की," एक जण डोळे पुसत म्हणाली. "लई कळवळून बोलतीया."

मग तानूबाईंनी सांगितलं. गावाबाहेर सडकेच्या कडेला बायकांची बसायची जागा होती. सडक रुंद झाली आणि गाड्या वाढल्या. गाडीचा उजेड अंगावर आला की बायकांनी उठून उभं राहायचं, गाडी गेली की बसायचं. कितीतरी जणी संध्याकाळी अर्धी भाकरी कमी खायच्या. तिथे एक आडोशाची भिंत पाहिजे होती. पण हे कुणाला सांगणार आणि कसं सांगणार? आबांपुढे उभं राहून बाई असलं काही बोलू शकत नव्हती, आणि आबांच्या डोक्यात कमान होती.

"मग हितंच, पातीत ठरलं," तानूबाई म्हणाल्या. "घरात ठरवायची गोष्ट न्हाई ती. घरात भिंतीला कान असत्यात, रानात भिंतच न्हाई. समद्या पाती येकमेकीस्नी सांगत गेल्या. मालक म्हनलं छत्री, म्हनलं व्हय. मालक म्हनलं कपबशी, म्हनलं व्हय. आन शिक्का मारला शिट्टीवर. दोन वर्सांत भिंत झाली बग."

"आणि सुभद्राक्का?"

"ती काय." त्यांनी खुरपीने पातीच्या टोकाकडे दाखवलं. तिथे एक सावळी, किडकिडीत बाई बसली होती. हसण्यात ती सामील नव्हती, पण तिचं तण सगळ्यांपेक्षा साफ निघत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही जातीच्या पलीकडे गेलात."

"कुठं न्हाई गेलो," तानूबाई म्हणाल्या. "जात हाय तिथंच हाय. सुभी आमच्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई आन आमी बलवत न्हाई. खोटं कशाला बोलू? पर आमच्यातल्या कुनी अर्ज भरला असता तर दुपारपातूर नवऱ्यानं माघारी घ्यायला लावला असता. हिचा नवरा मुंबैला गेला तो गेलाच. हिला अडवायला घरात कोन न्हाई."

"म्हंजी माझ्या गुनापायी न्हवं," सुभद्राक्का टोकावरून शांतपणे म्हणाली. "नवरा न्हाई म्हनून निवडून आले."

पुन्हा पात हसली. ती या खेपेलाही उभी होती, पुन्हा शिट्टी घेऊन. आता तिला मांगवाड्यात नळ आणायचा होता. वरच्या आळीत सहा नळ होते आणि मांगवाड्यात एकही नव्हता. बायकांना मुलींच्या शाळेला दार हवं होतं. दोन्ही मिळून सौदा ठरला होता.

निघताना तानूबाईंनी माझा हात धरला. "ह्यातलं कागदावर काय जायचं न्हाई."

"कुणाचंही नाव येणार नाही, मावशी. शब्द देते."

एस.टी.त बसल्यावर निलोफर म्हणाली, "त्यांनी नावाचं नाही म्हटलं. कागदाचं म्हटलं."

"अगं, पण हे जगाला कळायला नको?"

"जगाला कळलं तर चालेल. शंकर खिलाऱ्यांना कळून चालणार नाही. आणि ते जगातच राहतात."

मी तिला भित्री म्हणाले. त्या रविवारी जिल्ह्याच्या एका दैनिकात माझा लेख आला, 'शिट्टी वाजली'. गावाचं नाव मी 'क्ष' ठेवलं होतं आणि बायकांना अ, ब, क म्हटलं होतं. या खबरदारीबद्दल मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. लेखात दोन चुलतभाऊ होते, छत्री आणि कपबशी होती, दगडी आणि सिमेंटची कमान होती, सडकेकडेची भिंत होती, आणि एकशे एकाहत्तर हा आकडा होता. ठिणगीने मला पेढे भरवले. माझ्या वडिलांनी अंकाच्या सात प्रती आणल्या आणि झेडपीतल्या त्यांच्या ऑफिसात वाटल्या.

बुधवारी सुभद्राक्का कॉलेजच्या फाटकाशी उभी दिसली. हातात घडी घातलेला पेपर होता. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "दोनदा वाचलं. भिंतीचं वाचताना मला रडू आलं."

"तुम्हाला आवडलं?"

"लई. टेलरच्या दुकानात सोमवारी नानांनी मोठ्यानं वाचून दावलं समद्यास्नी. आबाबी आलं ऐकायला. पाच वर्सांनी दोघं एका बाकड्यावर बसलं." तिने पेपरची घडी आणखी बारीक केली. "त्याच राती चौघींनी मार खाल्ला. एकीचा हात सुजलाय, खुरपी धरता येत न्हाई."

 आजूबाजूने मुलं-मुली हसत-खिदळत आत चालली होती. मी तिला कॅन्टीनमध्ये चला म्हणाले, ती नको म्हणाली.

"मंगळवारी मतदान हाय," ती म्हणाली. "त्याच्या आधी, रविवारी सकाळी, खंडोबाच्या देवळात समद्या बायकांनी बेलभंडारा उचलायचा असं ठरलंय. देवापुढं हात ठेवून सांगायचं, मालक सांगतील तिथंच मारीन."

"मग उचलू देत," मी म्हणाले. "म्हणायचं आणि आत जाऊन हवं ते करायचं. आजवर करतच होत्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला माझी कीव आली असावी. "नवऱ्याशी खोटं बोलता येतंय, बाई. खंडोबाशी न्हाई. एकदा का भंडारा उचलला की ही खेप गेली, आन फुडच्या समद्याबी गेल्या. दर निवडणुकीला उचलायला लावतील."

"मी काय करू?"

"ते मला कळलं असतं तर मी कशाला येनार? तुमी शिकल्याल्या हायसा." एवढं बोलून ती एस.टी.कडे चालू लागली.

तीन दिवस मी जेवले नाही असं सांगितलं तर खोटं होईल, पण जे जेवले ते अंगी लागलं नाही. शनिवारी निलोफर म्हणाली, "तुझ्याकडे फॉर्म आहेत ना?" त्या क्षणी मला वाट दिसली, आणि ती इतकी लाजिरवाणी होती की बरोबरच असणार हेही कळलं.

रविवारी सकाळी आम्ही देवळात पोचलो. मंडपात आबा आणि नाना एका सतरंजीवर बसले होते. डावीकडे बाप्ये, उजवीकडे बायका. देवापुढे ताटात बेल आणि भंडारा. सुभद्राक्का पायऱ्यांच्या खाली, उन्हात उभी होती, नेहमीसारखी. मी मंडपात शिरले आणि कोणी काही विचारायच्या आत मोठ्याने म्हणाले, "मी खोटं लिहिलं."

"कोन ही?" आबा म्हणाले.

"ती फॉर्मवाली," शंकर खिलारे म्हणाले. "आमच्या ओट्यावर आल्ती."

"खोटं कसं?" नाना म्हणाले. "छापून आलंय की."

"छापून आलेलं सगळं खरं असतं का, नाना?"

नाना टोपी सारखी करू लागले. गेल्या दिवाळीत त्यांना कारखान्याचं संचालकपद मिळणार म्हणून फोटोसकट छापून आलं होतं आणि ते मिळालं नव्हतं, हे मला खालाने सांगून ठेवलं होतं.

मी पिशवीतून गठ्ठा काढला. "हे खरे फॉर्म. त्रेसष्ट बायका, प्रत्येकीने आपापल्या घरात, आपापल्या माणसासमोर भरून दिलेत. खाली सह्या आहेत, अंगठे आहेत. प्रश्न अकरावा, मत कुणाला द्यायचं हे कोण ठरवतं? तानूबाई शंकर खिलारे. पती."

"मी काय सांगत व्हतो?" शंकर खिलारे सगळ्यांकडे बघत म्हणाले.

मी पुढचा फॉर्म वाचला, मग पुढचा. एकेक नाव घेतलं की डावीकडचा एकेक गडी ताठ व्हायचा आणि शेजाऱ्याकडे बघायचा. तिसाव्या फॉर्मापर्यंत मंडपात आनंदीआनंद झाला होता. त्रेसष्ट संपेपर्यंत कुणाला धीर राहिला नाही. आबाच म्हणाले, "पुरं गं पोरी, कळलं."

"मग असलं वंगाळ लिवलंस कशाला?" नानांनी विचारलं.

"तुमच्या बायका तुमच्या शब्दाबाहेर नाहीत, हे लिहिलं असतं तर कोणी छापलं असतं, नाना? त्यात नवं काय आहे? मला पेपरात नाव यायला हवं होतं. म्हणून बनवून लिहिलं."

हे वाक्य मी आदल्या रात्री पाठ केलं होतं. म्हणताना मात्र लक्षात आलं की शेवटचं निम्मं खरंच आहे.

तेवढ्यात उजवीकडून तानूबाई उठल्या. "आगं सटवे," त्यांनी सुरुवात केली, "आमच्या ओट्यावर बसून आमचा च्या प्यालीस आन आमच्याच तोंडाला काळं फासलंस? चार पोरींनी मार खाल्ला तुझ्यापायी. शिकली-सवरलेली म्हनून बसाया पाट दिला, तर चुलीतच पाय घालाया निघालीस." त्यांच्यापाठोपाठ बाकीच्या उठल्या. माझं शिक्षण, माझे कापलेले केस, माझी पिशवी, माझे आईबाप, कशाचीही गय झाली नाही. हात सुजलेली बाई सगळ्यात पुढे होती. त्यातलं नाटक किती आणि खरं किती, हे मला अजून सांगता येत नाही. मी खरंच रडायला लागले, त्याने प्रसंगाला चांगलीच मदत झाली.

"सोडा तिला," शेवटी आबा म्हणाले. "पोर हाय. खुलासा छापायला सांगा पेपरात." इतक्या आज्ञाधारक बायकांना भंडारा उचलायला लावणं आता पुरुषांनाच कमीपणाचं वाटू लागलं होतं. ताट तसंच राहिलं. गुरव ते आत घेऊन गेला.

सोमवारी खुलासा आला. 'सदर लेखातील प्रसंग व पात्रे लेखिकेच्या मनाची असून' वगैरे. त्या संध्याकाळी ठिणगीची तातडीची बैठक झाली. खोटी माहिती छापून मी चळवळीचं नुकसान केलं, म्हणून मला काढून टाकायचा ठराव आला. मला काहीही सांगता येत नव्हतं. दहा हात वर झाले. निलोफरचाही झाला.

"तू सुद्धा?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"माझा एकटीचा खाली राहिला असता तर त्यांनी विचारलं असतं, का," ती म्हणाली. मग ती माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आली.

माझी सगळी आशा आता मंगळवारवर होती. आपली अब्रू गेली, पण बायका मोकळ्या राहिल्या, सुभद्राक्का निवडून येणार, मांगवाड्यात नळ येणार. बुधवारी मी तहसील कचेरीबाहेर मोजणी ऐकायला जाऊन उभी राहिले. त्या वॉर्डाचा निकाल दुपारी कर्ण्यावरून सांगितला. छत्री दोनशे एक. कपबशी एकशे ब्याण्णव. शिट्टी नऊ.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. आत जाऊन फळ्यावर पाहिलं. नऊच.

गुरुवारी एकटीच गेले. पात आता सोयाबीनमध्ये होती. मला बघून कोणी थांबलं नाही. मी तानूबाईंच्या शेजारी बसले आणि हाताने तण उपटू लागले. शेजारीच सुभद्राक्का होती. आज ती टोकाला नव्हती.

"माझ्यामुळे घाबरलात तुम्ही सगळ्या," मी म्हणाले. "मी तुमची भीती घालवायला आले आणि वाढवून गेले."

"कुनी सांगितलं भ्यालो म्हनून?" तानूबाई म्हणाल्या. "पाडली तिला."

"काय?"

"आमीच पाडली. ठरवून. रविवारी दुपारच्याला, देवळातनं आल्यावर. तू समद्या गावापुढं आमच्यासाठी खोटं बोललीस. मंगळवारी सुभी निवडून आली असती, तर तुझं खोटं किती दिवस टिकलं असतं? एका घंट्यात बाप्यांस्नी कळलं असतं. मग बेलभंडारा काय, मतदानालाच जाऊ दिलं नसतं. म्हनून तुझं खोटं खरं करून टाकलं. पाच वर्सं जातील. इसरत्यात ते. मग बगू."

मी सुभद्राक्काकडे पाहिलं. मला तिच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं, पण बघितलं. "आणि तुम्ही?"

"म्या छत्रीवर मारला," ती म्हणाली. "सोताला न्हाई दिलं. मांगवाड्यातल्या बायकांनीबी न्हाई. नळ पाच वर्सांनी येईल. मत गेलं तर परत येत न्हाई."

मी तिथेच सोयाबीनमध्ये बसून रडले. हे रडणं देवळातल्यासारखं नव्हतं. एका लेखासाठी मी त्यांची पाच वर्षं घेतली होती, आणि त्यांनी माझी चूक पोटात घालून वर मलाच सांभाळून घेतलं होतं. तानूबाईंनी मला रडू दिलं. सोयाबीन मात्र माझ्या हातातून काढून घेतलं.

थोड्या वेळाने मला आठवलं. डोळे पुसत मी विचारलं, "मग त्या नऊ जणी कोण? ज्यांनी ऐकलं नाही त्या?"

 तानूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. रानात त्यांनी आवाज खाली आणलेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"तीच तर गंमत झालीया. आमी परत्येकीला इचारलं. बायकांतलं येकबी मत शिट्टीला गेल्यालं न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजी बाप्यांची हायत."

 बाकीच्या बायका मान खाली घालून भांगलत होत्या, पण सगळ्यांचे कान आमच्याकडे होते.

"मांगवाड्यातले असतील," मी म्हणाले.

"चार तिथलं धरू. म्हातारी मानसं हायत, आपल्या मानसाला देनारच म्हनून हटून बसलीती. पाच आमच्यातलं हायत. खिलाऱ्या-जगदाळ्यांतलं." त्यांनी खुरपीची माती झटकली. "आमचं मालक मंगळवारी मत देऊन आलं ते च्या न मागता गप बसलं. नदर वर करीनात. म्या म्हनलं, काय झालं? तर म्हनं, काय न्हाई. ती भिंत बरी झाली न्हवं का गं, म्हनं, आपल्या पोरीबाळींस्नी."

"मग तुम्ही विचारलं का, कुणाला दिलं ते?"

"मी कशाला इचारू?" तानूबाई म्हणाल्या. "मानसानं सोताचं म्हनून येवढं तरी कायतरी ठेवायला पायजे का नगं?" मग त्यांनी खुरपी माझ्यापुढे धरली आणि अगदी काकुळतीने म्हणाल्या, "पर पोरी, हे तेवढं छापू नगंस. बाईनं मत फिरवलं तर नवरा मारतोय आन गप ऱ्हातोय. गडी असून असं केलं म्हनल्यावर बिचाऱ्यांस्नी गावात तोंड दावता यायचं न्हाई."

मी मान हलवली.  सुभद्राक्का चार हात पुढे सरकली होती आणि तोंड वळवून तण काढत होती, पण तिचे खांदे हलत होते, आणि मला दिसलं की तिला हसू आवरत नाहीये. पुढे मी कितीतरी निवडणुका पाहिल्या, निवडून आलेल्या बायकांची प्रशिक्षणं घेत गावोगाव फिरले. नऊ मतं पडलेला इतका खूश उमेदवार मात्र मी पुन्हा पाहिला नाही.